बिनहरकतीची भाजी

रविवार, दिनांक १० नोव्हेंबर १९६३. वेळ सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. खानदेशातील आमच्या तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहाचे भोजनगृह. माझ्यासह विद्यार्थी शेहेचाळीस, त्यांच्या हातांत घंटेची बटणे शेहेचाळीस, समोर ताटे शून्य.

"आज जेवण आहे की शॉक?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले.

"सहा व्होल्ट आहेत," मी म्हणालो. "मुंगीसुद्धा मरणार नाही."

"मुंगीचं काय सांगतोस! मुंगी आपल्या मेसची भाजी खात नाही."

हे बोलणारा हरिहर बिडवे. साताऱ्याकडचा, अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला. त्या दिवशीची सभा त्याच्याच तक्रारीवरून भरली होती. तक्रार एका वाक्याची होती : सर्वांना चालेल अशी भाजी आचारी कधीच करीत नाही, सबब आचारी बदलावा.

आचारी सुपडूमामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून नीट घडी करून पुन्हा खांद्यावर ठेवला होता, आणि हातात भिंतीवरून काढून आणलेली दिनदर्शिका होती. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्यांत ते, मामी आणि त्यांची मुलगी कलावती राहत. कलावती त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती. नोकरी गेली असती तर खोल्याही गेल्या असत्या, आणि मामांच्या गावी शाळा चौथीपर्यंतच होती. मार्चची परीक्षा कलावतीने कोठून आणि कशी द्यायची, हा प्रश्न त्या दिवशी सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. परंतु मामी दाराआड उभ्या होत्या त्या त्याच कारणाने.

आमचे रेक्टर गोळविलकर सर तृतीय वर्षाला रिले आणि स्विचिंगचा विषय शिकवीत. त्याच्या आधारासाठी ते आम्हाला वर्गांचे, म्हणजे वस्तूंच्या गटांचे, बीजगणितही शिकवीत : वर्ग, त्याचा पूरक वर्ग, दोन वर्गांचा छेद, शून्य वर्ग. जगातील बहुतेक भांडणे वर्गाची व्याख्या न करता सुरू होतात, असे त्यांचे मत होते. म्हणून बिडवेची तक्रार आली तेव्हा त्यांनी ती फेटाळली नाही आणि मान्यही केली नाही. "बोधनकर," ते मला म्हणाले, "तुम्ही मेसचे चिटणीस. असा ठराव लिहा की ज्याची परीक्षा घेता येईल."

मी दोन रात्री जागून तो लिहिला. माझ्या हातून तोवर झालेले ते सर्वांत निर्दोष लेखन आहे, अशी माझी समजूत होती. ठराव असा :

'एक. यादीतील चौदा भाज्यांपैकी ज्या भाजीस एकाही विद्यार्थ्याची हरकत नाही, अशी प्रत्येक भाजी आचाऱ्याने २६ ऑक्टोबरपासूनच्या पंधरा दिवसांत एकदा तरी केलेली असावी. दोन. अशी एक जरी भाजी वगळलेली आढळली, तरी आचाऱ्यास महिनाअखेर कामावरून दूर करावे. न आढळल्यास तक्रार निकाली निघाली असे समजावे.'

कोणत्या भाजीस हरकत आहे, हे पंधरा दिवस संपल्यावरच विचारायचे ठरले. आधी विचारले असते तर मामांना यादी मिळाली असती. हरकत गुप्त असावी, हीही अट होती. त्यासाठी मी फळा तयार केला होता. लाकडी फळ्यावर चौदा दिवे, प्रत्येकाखाली भाजीचे नाव. शेहेचाळीस बटणे एकाच तारेत एकापुढे एक ओवलेली. घंटेचे बटण दाबले की प्रवाह सुरू होतो. मी आतील पट्ट्या उलट वळवून घेतल्या होत्या, त्यामुळे दाबले की प्रवाह तुटे. एकाने जरी क्षणभर दाबले तरी रिले, म्हणजे दिव्याचा चुंबकी खटका, सुटे आणि त्या भाजीचा दिवा जाई, तो पुन्हा लागत नसे. कोणी दाबले आणि किती जणांनी दाबले, हे ब्रह्मदेवालाही कळले नसते. शेहेचाळिसावे बटण माझे होते. मी फळ्याशेजारी उभा, उजव्या हातात स्टॉपवॉच, डाव्या हातात बटण.

"प्रत्येक भाजीला एक मिनिट," मी जाहीर केले. "वर्णानुक्रमाने घेऊ. अळू—"

"थांब," बिडवे म्हणाला. "बटाटा शेवटी घे."

"का?"

"तोवर सगळ्यांची बोटं दमलेली असतील."

हशा झाला. गोळविलकर सरांनी मान हलवून परवानगी दिली. "क्रमाने वर्ग बदलत नाही," ते म्हणाले.

बिडवेचा डाव उघड होता. मामांच्या दिनदर्शिकेवर कलावती रोजची भाजी तारखेच्या चौकोनात सुवाच्य अक्षरात लिहीत असे. ती मी आदल्या दिवशी तपासली होती. चौदांपैकी दहा भाज्या पंधरा दिवसांत येऊन गेल्या होत्या. न आलेल्या चार : अळू, गवार, पडवळ आणि बटाटा. या चारांपैकी एकीचा जरी दिवा मिनिटभर टिकला, तरी मामा गेले.

अळूचा दिवा लागला आणि तिसऱ्या सेकंदाला गेला.

"घशाला खाजतं हो," कोणीतरी कारण दिले.

"कारण विचारलेले नाही," सर म्हणाले.

कारले लागले की नाही हेच कळले नाही, इतक्या लवकर गेले. कोबी नऊ सेकंद. गवारीला मात्र बावीस सेकंद झाली तरी दिवा जाईना. सुपडूमामांनी पंचा खांद्यावरून काढला. तेविसाव्या सेकंदाला दिवा गेला. त्यांनी पंचा परत ठेवला.

"कोण रे तो गवारीचा वैरी?" बिडवे ओरडला.

"गुप्त आहे," सर म्हणाले.

"सर, मी विचारत नाही, नुसतं आश्चर्य करतोय."

घेवडा, दोडका गेले. पडवळाचे नाव घेताच एवढी हसाहस झाली की दिवा केव्हा गेला ते मला घड्याळावरूनच सांगता आले : चार सेकंद. भेंडी चिकट म्हणून गेली असावी, भोपळा गोड म्हणून. मुळ्याच्या पाल्याच्या वेळी पुढच्या रांगेतील दोघांनी एकमेकांकडे पाहून नाके धरली. मेथी आठ सेकंद. वांग्याला मात्र सर्वांना वाटले होते की खानदेशात तरी दिवा टिकेल.

"वांगं गेलं?" सुपडूमामांनी दारातून विचारले. त्यांचा चेहरा नोकरीच्या काळजीने नव्हे, वांग्याच्या अपमानाने उतरला होता. "वांगं?"

"मामा, पंधरा दिवसांत सहा वेळा केलंत," बिडवे म्हणाला. "आमच्या पोटात रोप धरलंय आता."

शेपू गेला. तेरा दिवे विझले होते.

"बटाटा," मी म्हणालो आणि घड्याळ सुरू केले.

दिवा लागला. पाच सेकंद झाली, दहा झाली, वीस झाली. बिडवेने आपले बटण डोक्याच्या वर धरले, म्हणजे तो दाबत नाही हे सर्वांना दिसावे. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुलांत बटाट्याला नको म्हणणारा कोण असणार? माझा स्वतःचाच बटाट्यावर एवढा जीव होता की घरून येताना आईने दिलेल्या डब्यात पोळ्यांपेक्षा भाजी जास्त असे.

"सुपडू," मला घड्याळ थांबवण्याची खूण करून सरांनी विचारले, "तुमच्या कागदावर बटाटा आहे का?"

"नाही साहेब."

"पंधरा दिवसांत एकदाही नाही?"

"जूनपासून नाही."

भोजनगृहात गलका उठला. सरांनी हात वर केला.

"बाजारात मिळत नाही?"

"मिळतो की. गाडीनं मिळतो."

"तुम्हाला करता येत नाही?"

मामा दुखावले. "साहेब, बटाट्याचा रस्सा मला येत नाही, असं माझा वैरीसुद्धा म्हणणार नाही."

"मी म्हणत नाही!" बिडवे म्हणाला. "पण दाखवा ना करून."

"मग का केला नाही?" सरांनी विचारले.

"नाही केला."

"काही कारण असेल."

"आहे. ते माझ्याजवळ आहे. सांगायचं नाही."

"नोकरी जाईल, सुपडू."

"जाईल," मामा म्हणाले आणि हातातल्या दिनदर्शिकेकडे पाहू लागले. दाराआडून मामींच्या बांगड्यांचा आवाज आला, पण मामांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी कोणाकडेच पाहिले नाही.

तेव्हा उजवीकडच्या कोपऱ्यातील पाटावरून धनपाल मगदूम उठला. धनपाल कोल्हापूरकडचा, प्रथम वर्षाचा, जूनमध्ये आलेला, आणि बिडवेचा खोलीतला भागीदार. पाच महिन्यांत मी त्याचा आवाज फार तर चारदा ऐकला असेल. त्याने आपले बटण जमिनीवर ठेवले, दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाला, "सर, मी बटाटा खात नाही. आमच्यात जमिनीखालचं खात नाहीत. पण माझी हरकत नाही. बाकीच्यांनी खावा."

"तुम्ही बसा हो भाऊ," सुपडूमामा एकदम म्हणाले. "तुम्हाला कोणी विचारलंय?"

"मामा, मी दही-भाकरी खाईन त्या दिवशी."

"मी असताना कुणी कोरड्या भाकरीवर उठत नाही. बसा तुम्ही."

आमच्या मेसमध्ये एका जेवणाला एकच भाजी असे, आणि ती धनपालने खाल्ली नाही तर त्याच्या पानात दुसरे काही येत नसे. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. जूनपासून रोज दोन वेळा त्याचे पान आमच्या डोळ्यांसमोर होते, म्हणजे खरे तर आम्ही ते एकदाही पाहिले नव्हते.

"खात नाही आणि हरकत नाही, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत," गोळविलकर सर सावकाश म्हणाले. "मगदूम यांचे म्हणणे बरोबर आहे. ठरावात हरकत हा शब्द आहे. बोधनकर, वेळ?"

"बेचाळीस सेकंद."

"दिवा?"

"आहे."

मी घड्याळ पुन्हा सुरू केले. धनपाल खाली बसला. बटण त्याने उचलले नाही. भोजनगृहात मघाशी एवढा आवाज होता, तेथे आता माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. बिडवेचा हात केव्हा खाली आला ते मी पाहिले नाही. फळ्याकडे कोणीच पाहत नव्हते. जो तो आपल्या मांडीकडे पाहत होता. मी काट्याकडे पाहत होतो. पन्नास. पंचावन्न.

"साठ," मी म्हणालो आणि मान वर केली.

बटाट्याचा दिवा विझलेला होता.

मग सर्वजण एकदम बोलू लागले. सरांनी टेबलावर डस्टर आपटले. "चौदाही दिवे गेले. बिनहरकतीच्या भाज्यांचा वर्ग म्हणजे हरकतीच्या सर्व भाज्यांचा पूरक वर्ग. यादीतून चौदा वजा केल्यावर उरते काय?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"शून्य वर्ग," सर आनंदाने म्हणाले. वर्षभर शिकवलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली पाहण्याचे भाग्य शिक्षकाला क्वचित लाभते.

"मग माझंच म्हणणं खरं!" बिडवे उठला, पण नेहमीच्या जोरात नाही. "सर्वांना चालेल अशी एकही भाजी मामांनी केलेली नाही."

"खरे आहे."

"मग काढा त्यांना."

"आणि सर्वांना चालेल अशी प्रत्येक भाजी त्यांनी केलेली आहे, हेही खरे आहे."

"दोन्ही कसं खरं असेल, सर?"

"असे पाहा. या वसतिगृहातील सर्व विवाहित विद्यार्थी पहाटे चारला उठून अभ्यास करतात. हे विधान खोटे पाडायचे, तर तुम्हाला चारला न उठणारा एक विवाहित विद्यार्थी आणून दाखवावा लागेल. तो तुम्ही—"

"सर," मधल्या रांगेतून एक हात वर झाला. "माझं लग्न झालंय."

"केव्हा?"

"मे महिन्यात. नंदुरबारला."

"आणि तुम्ही चारला..."

"साडेसातला उठतो, सर."

भोजनगृह कोसळेल की काय असा हशा झाला. सुपडूमामाही हसले, दाराआडून मामींनी तोंडाला पदर लावलेला दिसला. गोळविलकर सर मात्र गंभीर होते. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपले.

"उत्तम. माझे विधान खोटे ठरले, कारण यांनी उदाहरण दाखवले. खोटे पाडण्याची रीत हीच. आता दुसरे विधान घेऊ. या खोलीतील सर्व न्यायाधीश साडेसातला उठतात. कोणी न्यायाधीश आहे का?" त्यांनी सर्वांवरून नजर फिरवली, एकदा हात पोळल्यामुळे पुरेसा वेळ फिरवली. "नाही. मग उशिरा उठणारा न्यायाधीश कोणी दाखवू शकत नाही. विधान उभे राहते. आता बिडवे, मामांनी वगळलेली बिनहरकतीची भाजी मला दाखवा. एक दाखवा, मी आजच त्यांना काढतो."

बिडवेने चौदा विझलेल्या दिव्यांकडे पाहिले. मग तो धनपालच्या पाटाकडे न पाहता म्हणाला, "दाखवता येत नाही, सर."

"बोधनकर, ठरावाचे दुसरे कलम वाचा."

मी वाचले : "'न आढळल्यास तक्रार निकाली निघाली असे समजावे.'"

"समजावे," सर म्हणाले. "सभा संपली."

सुपडूमामा दारातून पुढे आले. "साहेब, म्हणजे मी राहिलो?"

"राहिलात."

"मी सगळ्या भाज्या केल्या म्हणून, की एकही केली नाही म्हणून?"

"दोन्ही कारणांनी."

मामांनी थोडा विचार केला. "शिकलेल्या माणसांचं बरं असतं," ते म्हणाले. "मग उद्या काय करू?"

या प्रश्नाला वर्गांच्या बीजगणितात उत्तर नव्हते. शेवटी पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "वांगं करा, मामा." त्यावर एवढा आरडाओरडा झाला, की बटणे दाबण्याची गरज पडली नसती.

दुसऱ्याच आठवड्यापासून आमच्या मेसमध्ये एका जेवणाला दोन भाज्या होऊ लागल्या. दुसरी लहान पातेल्यात. त्यासाठी ठराव करावा लागला नाही. बिडवेने बाजारहाट स्वतःकडे मागून घेतला. मार्चमध्ये कलावतीने परीक्षा दिली, जूनमध्ये ती पास झाल्याचे पेढे मामांनी स्वतः वाटले, आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हाही मामा तेथेच होते.

फळा सोडवताना मी एकटा होतो. शेहेचाळीस बटणांच्या तारा एकेक करून काढताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होती. बेचाळीस सेकंदांनंतर केव्हातरी, डाव्या हाताच्या अंगठ्याने, बटाट्याविरुद्ध, माझ्या जन्मातील पहिली खोटी हरकत मी घेतली होती. चिटणिसाने, स्वतःच लिहिलेल्या ठरावात, स्वतःच जोडलेल्या यंत्रावर. हे मी सरांना सांगितले नाही, मामांना सांगितले नाही, आणि पुढे नोकरीत निरीक्षकाच्या जागेवर बसून इतरांच्या नोंदींवर लाल शेरे मारीत असताना ते मला अधूनमधून टोचत राहिले. अठ्ठावीस वर्षे माझा असा समज होता, की सुपडूमामांची नोकरी मी एकट्याने वाचवली.

१९९१ साली ते टोचणे फार झाले तेव्हा मी जुने पत्ते जुळवले. पंचेचाळिसांपैकी तिघे हयात नव्हते. उरलेल्या बेचाळीस जणांना मी उत्तराचे कोरे कार्ड जोडलेली जोडकार्डे पाठवली. प्रश्न एकच ठेवला : 'बटाट्याच्या वेळी आपण बटण दाबले होते काय? होय, नाही, आठवत नाही, यांपैकी एक लिहावे.'

उत्तरे सदतीस आली. धनपाल मगदूमने इचलकरंजीहून लिहिले : 'नाही. मी ते खाली ठेवले होते, सर्वांनी पाहिले आहे. तरीही त्या दिवसापासून वसतिगृहातील लोक मला बटाट्याचा शत्रू समजत आले. माझ्या घरी मुले खातात. माझी हरकत नाही.'

मे महिन्यातील विवाहिताने कळवले, की आता तो पहाटे चारला उठतो, कारण झोपच लागत नाही. आणि बटण त्याने दाबले होते.

बिडवेचे कार्ड सर्वांत शेवटी आले. अक्षर आवाजासारखेच मोठे होते. 'होय. पाच महिने एका खोलीत त्याच्या शेजारी झोपलो आणि तू काय जेवलास हे एकदा विचारलं नाही. हात वर होता तो खाली आणला आणि दाबलं. कोणाला सांगू नकोस, तक्रार माझी होती. मामांची नोकरी मी एकट्याने वाचवली हे तुझ्या यंत्रामुळे कोणाला कळलं नाही, तेवढं बरं झालं.'

मी सर्व कार्डे टेबलावर तीन गठ्ठ्यांत लावली आणि दोनदा मोजली. 'आठवत नाही' असे लिहिणारा एक. 'नाही' म्हणणारे सात. 'होय' म्हणणारे एकोणतीस. माझे धरून तीस.